विदूषकाच्या नाकाआडून

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणाआधी संबंधित कार्यक्रमाचे काही भाग मराठीत समजावून देत पडद्यावर दाखवले होते.)

काल रात्री आपल्यात जो वाद झाला त्यामुळेच आज मी हा विषय घेते आहे. गर्भपातावर पथनाट्य करायचं का, आणि करायचं तर त्यात विनोद असावा का, असा तो वाद होता. "हसण्याची गोष्ट आहे का ही?" असं आपल्यातल्या एका ज्येष्ठ ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि एका वाक्यात उडवून लावण्यासारखा तर मुळीच नाही. म्हणून उत्तर द्यायच्या आधी मी तुम्हाला दुसऱ्या देशातला एक कार्यक्रम दाखवला. आता त्याचं परीक्षण करू. परीक्षण म्हणजे कौतुक नव्हे, हेही आधीच सांगून ठेवते, कारण त्या कार्यक्रमाचा बराचसा भाग मला सामान्य वाटला.

कार्यक्रमाचं नाव 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. अमेरिकेत एनबीसी या वाहिनीवर ११ ऑक्टोबर १९७५ पासून चालत आलेला, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या एका स्टुडिओतून शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रसारित होणारा दीड तासाचा विनोदी कार्यक्रम. दर आठवड्याला पाहुणा नट वेगळा आणि गायकही वेगळा. सुरुवातीला राजकारणावर एक प्रहसन, मग पाहुण्याचं मनोगत, मग एकामागून एक छोटी प्रहसनं. मधोमध 'वीकेंड अपडेट' नावाच्या खोट्या बातम्या असतात. बातमीदाराच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत कोणीतरी सोंग घेऊन येऊन बसतं आणि बोलतं.

हा कार्यक्रम कसा तयार होतो ते आपल्याला कळायला हवं, कारण त्याच्या चढउतारांचं मूळ तिथे आहे. सोमवारी सगळे एकत्र बसून कल्पना मांडतात. मंगळवारी रात्रभर लिहितात. बुधवारी चाळीसच्या आसपास संहिता मोठ्याने वाचल्या जातात आणि त्यातल्या बहुतेक तिथेच बाद होतात. गुरुवार-शुक्रवारी दुरुस्त्या, नेपथ्य, तालमी. शनिवारी संध्याकाळी आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते. ती संपल्यावर आणखी काही प्रहसनं कापली जातात आणि साडेअकराला जे उरलं असेल ते देशासमोर जातं. पथनाट्य बसवणाऱ्या बाईला हे वेळापत्रक ऐकून हसू येईल. आपणही आठ मार्चच्या आधी असंच करतो, फक्त आपल्याला पगार मिळत नाही. अशा घाईत दीड तास सलग चांगला निघणं जवळजवळ अशक्य असतं. पण सोमवारी न्यायालयात झालेली गोष्ट शनिवारी रंगमंचावर आणायची तर दुसरा मार्गही नाही. ताजेपणा हवा असेल तर कच्चेपणाही पत्करावा लागतो.

आपण पाहिला तो भाग ६ नोव्हेंबर २०२१ चा. पाहुणा नट कीरन कल्किन, गायक एड शीरन.

सुरुवातीचं प्रहसन म्हणजे जनीन पिरो या उजव्या विचाराच्या दूरचित्रवाणी निवेदिकेच्या कार्यक्रमाची नक्कल. पिरोचं काम सेसिली स्ट्राँग हिने केलं. हे नाव लक्षात ठेवा. तिच्याकडे एकामागून एक पाहुणे येतात. पहिला फुटबॉलपटू ॲरन रॉजर्स. त्याने लस घेतली की नाही या प्रश्नाला गोलमोल उत्तर दिलं होतं आणि त्याच आठवड्यात त्याला कोविड झाल्याचं उघड झालं होतं. दुसरा व्हर्जिनियात नुकताच निवडून आलेला राज्यपाल ग्लेन यंगकिन, आणि शेवटी डोनाल्ड ट्रम्प. ट्रम्पची नक्कल करणारा जेम्स ऑस्टिन जॉन्सन नवा होता आणि त्याने ट्रम्पचं एका विषयावरून दुसऱ्यावर घसरत जाणारं बोलणं फार बारकाईने पकडलं आहे. पण हे प्रहसन म्हणजे आठवड्याच्या बातम्यांची यादी आहे. एक माणूस येतो, ओळखीचं वाक्य टाकतो, प्रेक्षक ओळख पटली म्हणून हसतात, पुढचा माणूस येतो. आपल्याकडच्या विनोदी कार्यक्रमांतही पुढाऱ्यांचे आवाज काढले जातात. आवाज हुबेहूब निघाला की टाळी पडते आणि त्या पुढाऱ्याने काय केलं हा प्रश्न बाजूला राहतो. तोच प्रकार इथे आहे.

मग कल्किनचं मनोगत. तीस वर्षांपूर्वी, १९९१ मध्ये, त्याचा मोठा भाऊ मकॉली याच कार्यक्रमात पाहुणा होता तेव्हा नऊ वर्षांचा कीरनही रंगमंचावर होता. ती जुनी चित्रफीत दाखवली गेली. गोड आहे, यापलीकडे त्यावर बोलण्यासारखं काही नाही.

केबल बंद करण्यासाठी कंपनीला फोन लावणाऱ्या ग्राहकाचं एक प्रहसन आहे. एक कर्मचारी त्याला दुसऱ्याकडे सोपवतो, दुसरा तिसऱ्याकडे. विधवा पेन्शनसाठी तहसील कचेरीच्या खिडक्या मोजलेल्या बाईला हे समजावून सांगायला नको. पण पहिल्या मिनिटात जे कळलं तेच शेवटपर्यंत चालू राहतं. आणखी दोन-तीन गोष्टी आल्या आणि गेल्या.

डीऑन वॉर्विकच्या प्रहसनापाशी मात्र थांबायला हवं. वॉर्विक ही मोठी कृष्णवर्णीय गायिका, तेव्हा ऐंशी वर्षांची. ईगो न्वोडिम ही तरुण कृष्णवर्णीय नटी तिची नक्कल करते. वॉर्विकबाई मुलाखती घेत बसल्या आहेत. आलेले तरुण प्रसिद्ध लोक कोण हे त्यांना माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही. गंमत इतकीच आहे आणि ती थोडी लांबतेसुद्धा. पण मग खऱ्या डीऑन वॉर्विकच येऊन बसतात. नक्कल करणारी आणि जिची नक्कल ती अशा दोघी शेजारीशेजारी बसून गातात. म्हातारी बाई हा विनोदाचा सर्वांत स्वस्त माल आहे. आपल्या मराठी मालिकांतली आजी आठवा, एकतर कजाग नाहीतर विसरभोळी. इथे म्हातारीचा आत्मविश्वास हीच गंमत आहे आणि हसणाऱ्यांमध्ये ती स्वतःही आहे. एखाद्या बाईवर हसणं आणि तिच्याबरोबर हसणं यातला फरक शब्दांत सांगणं मला नेहमी जड जातं. या प्रहसनात तो डोळ्यांना दिसतो.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला त्या चार मिनिटांकडे येते.

आधी पार्श्वभूमी. १ सप्टेंबर २०२१ रोजी टेक्सास राज्यात एक कायदा लागू झाला. गर्भाच्या हृदयाची हालचाल यंत्रावर टिपता आली की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यानंतर, गर्भपात करायला बंदी. तुम्ही सगळ्या पाळीचा हिशोब ठेवणाऱ्या आणि ठेवायला शिकवणाऱ्या बायका आहात. सहा आठवडे मोजायचे ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी नियमित असलेल्या बाईलाही ती चुकल्याचं कळल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. जिची पाळीच अनियमित आहे तिला कळेपर्यंत मुदत संपलेली असते. बलात्कारातून राहिलेल्या गर्भालाही सवलत नव्हती. आणि अंमलबजावणीची तऱ्हा तर अजब होती. सरकारने ती आपल्या हातात न ठेवता कोणाही नागरिकाच्या हातात दिली. गर्भपात करणाऱ्या डॉक्टरवरच नव्हे, तर त्या कामी बाईला मदत करणाऱ्या कोणावरही कोणीही दावा लावू शकेल, आणि जिंकला तर किमान दहा हजार डॉलर मिळतील. शेजारपाजाऱ्यांना पाळतीवर बसवायचं आणि वर त्याचं बक्षीस द्यायचं. गावगाड्यातली पाळत आपल्याला ठाऊक आहे, पण तिला निदान कायद्याने इनाम तरी लावलेलं नव्हतं. १ नोव्हेंबरला, सोमवारी, या कायद्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. हा कार्यक्रम त्याच आठवड्याच्या शनिवारचा.

खोट्या बातम्यांत टेक्सासचा विषय निघतो आणि शेजारच्या खुर्चीत सेसिली स्ट्राँग येऊन बसते. अर्ध्या तासापूर्वी जी पिरो होऊन ओरडत होती तीच. आता ती गूबर नावाची विदूषक आहे आणि तिची ओळखच अशी करून दिली जाते की तेविसाव्या वर्षी गर्भपात केलेली ही विदूषक. गळ्यात गोल फिरणारा बो, हातात भोंगा. ती म्हणते, मला या विषयावर बोलायचं नव्हतं, ही माझी खाजगी विदूषकी बाब आहे, पण लोक तोच विषय पुन्हा पुन्हा काढतात म्हणून बोलावं लागतं आहे. विषय जड आहे, तर तुम्हाला गिळायला सोपा जावा म्हणून मी मधूनमधून विदूषकाच्या करामती करेन.

आणि ती तसंच करते. गर्भपात म्हणायचं की लगेच भोंगा वाजवायचा. गंभीर वाक्य आलं की हेलियमचा फुगा तोंडाला लावून चिरक्या आवाजात ते बोलायचं. 'बाई' या शब्दाच्या जागी सतत 'विदूषक'. तीनातल्या एका विदूषकाचा आयुष्यात कधीतरी विदूषकी गर्भपात होतो, पण तुम्हाला ते माहीत नसतं, कारण त्या सांगत नाहीत. (हा आकडा जुन्या अंदाजाचा आहे. नंतरचा अंदाज चारांत एक असा होता. आपण आपल्या पत्रकात आकडे घालताना एवढी काळजी घ्यावी.) मग ती सांगते की चार विदूषक जेवायला बसलेल्या असतात, एक धीर करून बोलते, आणि मग दुसरी म्हणते, अगं माझाही झाला. तिसरीही तेच म्हणते. तेव्हा काय हलकं वाटतं!

मैत्रिणींनो, हा प्रसंग आपल्या कोणत्या बैठकीत घडलेला नाही? पाळीचं सत्र असो, बचत गटाची सभा असो, एकीने 'माझं क्युरेटिन केलं होतं' म्हटलं की पाच मिनिटांत सगळी चटई बोलू लागते. आपल्या भाषेत या गोष्टीला किती आडोसे आहेत बघा. पिशवी साफ केली. खाली केलं. दिवस गेले होते, मग नाही ठेवलं. गोळ्या घेतल्या. राहिलं होतं, पण पडलं. त्यात आपोआप पडलं की पाडलं ते ऐकणारीने समजून घ्यायचं. 'गर्भपात' हा शब्द सरकारी फॉर्मवरचा, बायकांच्या तोंडचा नव्हे. गूबरचं 'विदूषकी गर्भपात' हे त्याच जातीचं आहे. शब्दाला एक हास्यास्पद शेपूट लावली की तो तोंडातून बाहेर पडतो. मात्र एक फरक आहे. आपले आडोसे शब्द लपवतात, तर तिची शेपूट तो शब्द दर वाक्यात पुन्हा पुन्हा उच्चारायला लावते. चार मिनिटांत तो इतक्या वेळा येतो की शेवटी त्याला दचकायला कोणी उरत नाही.

दुसरी गोष्ट डॉक्टरची. गूबर सांगते की ती गेली तेव्हा फारच थोडे दिवस झाले होते, इतके थोडे की डॉक्टरांनी विचारलं, इथे येताना वाटेत दिवस गेले की काय? आणि ती हसली. फार मोठा विनोद होता असं नाही, पण त्या हसण्यातून तिला कळलं की आपण वाईट बाई नाही आणि आपलं आयुष्य संपलेलं नाही. असा विनोद सगळ्यांत चांगला, असं ती म्हणते.

सबंध दीड तासात मला सर्वांत मोलाची वाटलेली जागा हीच. कारण आपल्या दवाखान्यांतही विनोद होतात. समुपदेशनाला येणाऱ्या बायका ते सांगतात तेव्हा त्यांची मान खाली असते. "तेव्हा नाही का आठवलं?" "मजा करताना कळलं नाही, आता रडतेस होय?" आणि अविवाहित मुलगी असेल तर केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी आख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेलं, "मिस्टरांचं नाव काय?" हाही विनोदच आहे, निदान विचारणाऱ्यांना तसं वाटतं. टेबलावर आडवी पडलेली बाई आणि तिच्यावर हसणारी पांढऱ्या कोटातली माणसं. याच टेबलावर दुसऱ्या तऱ्हेचा विनोदही होऊ शकतो, बाईला माणसांत परत आणणारा, हे ती विदूषक सांगते. माझ्या दहा वर्षांच्या कामात एका सरकारी रुग्णालयातल्या परिचारिकेखेरीज असा विनोद करणारं कोणी मला भेटलेलं नाही.

शेवटी शेवटी सोंग पातळ होत जातं. तेविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तो गर्भपात केला नसता तर मी आज इथे टीव्हीवर विदूषक म्हणून बसलेच नसते, असं ती म्हणते. ही हकिगत वृत्तपत्रांनी सेसिली स्ट्राँगची स्वतःची म्हणूनच वाचली. पण ती तिची खरी की रचलेली हे खोदत बसणं मला योग्य वाटत नाही. नाकावरचा तो लाल गोळा त्यासाठीच आहे. 'ही मी नाही, ही विदूषक' असं म्हणण्याची जागा त्याने ठेवली आहे. आपल्याकडे सोंगाची परंपरा काही परकी नाही. भारुडात पुरुष बाईचं सोंग घेऊन सासरच्या कागाळ्या करतो, तमाशातला सोंगाड्या पाटलाला तोंडावर बोलतो, मंगळागौरीच्या खेळात सासू-नणंदेची यथेच्छ टर उडवली जाते आणि सकाळी कोणी त्याचा जाब विचारत नाही. सोंग घेतलं की बोलायला मुभा मिळते, पण ती त्या रात्रीपुरतीच. ही मर्यादाही आपण विसरू नये.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की ती चार मिनिटं त्या कार्यक्रमात बेट असल्यासारखी आहेत. त्यांच्या अलीकडे-पलीकडे टेक्सासच्या बायकांचा मागमूस नाही. बाईचं दुःख एका खुर्चीत बसवायचं, टाळ्या घ्यायच्या, पुढे जायचं. दिवसभराच्या परिषदेत 'महिलांचे प्रश्न' नावाचं एक सत्र जेवणानंतरच्या सुस्तीत ठेवतात, त्याची मला आठवण झाली. (हे सत्रही जेवणानंतरचंच आहे, याची आयोजक भगिनींनी नोंद घ्यावी.)

दुसरी जास्त गंभीर आहे. टेक्सासच्या कायद्याने सगळ्या बायकांवर सारखा घाव घातला नाही. जिच्याकडे गाडी आहे, पैसा आहे, रजा मिळणारी नोकरी आहे, ती शेजारच्या राज्यात जाऊ शकत होती. रोजंदारीवरची, लहान मुलं घरी असलेली, कागदपत्रं नसलेली स्थलांतरित बाई जाऊ शकत नव्हती, आणि त्यात कृष्णवर्णीय आणि लॅटिन बायकांची संख्या मोठी आहे. गूबरच्या बोलण्यात ही बाई येत नाही. अंधाऱ्या गल्लीत मेलेल्या विदूषकांचा ती उल्लेख करते, बेकायदा गर्भपातांनी बायका मरत त्या दिवसांकडे बोट दाखवते, तिथे अंगावर काटा येतो. पण त्या गल्लीत कोण मरतं, हे ती सांगत नाही. चार मिनिटांत सगळं कसं सांगणार, असं कोणी म्हणेल. खरं आहे. पण उरलेली शहाऐंशी मिनिटं होतीच की!

तिसरी गोष्ट तक्रार नव्हे, इतिहास आहे. या कार्यक्रमाच्या पहिल्या संचात गिल्डा रॅडनर, जेन कर्टिन आणि लॅरेन न्यूमन अशा तिघी होत्या आणि लेखनातही बायका होत्या. पण त्यांचाच सहकारी जॉन बेलुशी बायकांनी लिहिलेल्या संहितांचा विचका करायचा, बायका विनोदी असूच शकत नाहीत असं त्याचं मत होतं, हे कर्टिनने २०११ मध्ये ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात सांगितलं. मुख्य लेखक या जागी पहिली बाई यायला १९९९ साल उजाडावं लागलं. ती टीना फे. म्हणजे सेसिली स्ट्राँग ज्या खुर्चीत बसून 'माझा गर्भपात' म्हणाली ती खुर्ची तिला कोणी सहज देऊ केलेली नव्हती. तिच्या आधीच्या बायकांनी ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं रेटून पुढे आणली होती.

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल रद्द केला. ऑगस्ट २०२२ पासून टेक्सासमध्ये गर्भपातावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. विदूषकाच्या भोंग्याने काही थांबलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, मध्यावधी निवडणुकीच्या तीन दिवस आधी, स्ट्राँग त्याच टेबलाशी पुन्हा आली. या वेळी ट्रक ड्रायव्हर टॅमी होऊन पेट्रोलच्या किमतीवर बोलायला, आणि गर्भपातावर मुळीच बोलणार नाही असं बजावत. अर्थात ती त्यावरच बोलली. त्याच डिसेंबरात तिने कार्यक्रम सोडला.

मग उपयोग काय झाला, असं कालच्या ताई विचारतील. कायदा बदलण्याचं काम मी प्रहसनावर टाकत नाही. त्यासाठी मोर्चा, याचिका, मतदान आहे. प्रहसनाने बोलण्याची सोय करायची असते. आणि आपल्याकडे नेमकी तिचीच उणीव आहे.

बघा ना, योगायोग कसा आहे. ज्या सप्टेंबर २०२१ मध्ये टेक्सासने मुदत सहा आठवड्यांवर आणली, त्याच महिन्याच्या २४ तारखेला आपल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि काही गटांतल्या बायकांसाठी मुदत वीसवरून चोवीस आठवडे झाली. कायद्यात 'विवाहित स्त्री आणि तिचा पती' होतं तिथे 'स्त्री आणि तिचा जोडीदार' आलं. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ही वाढीव मुदत अविवाहित स्त्रीलाही दिली. कागदावर आपण त्यांच्या किती पुढे! अठरा वर्षांवरील बाईला कायद्याने फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. आता हात वर करा, नवऱ्याची सही न मागणारा दवाखाना किती जणींनी पाहिला आहे? (चौतीस जणींपैकी तिघींनी हात वर केले.) आणि कायद्याच्या अक्षरातही तो अजून बाईचा हक्क नाही. डॉक्टरने मत द्यायचं, मग बाईला परवानगी.

यात आपल्या चळवळीच्या भाषेचाही वाटा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रातल्या संघटनांनी लढा दिला, त्यातून १९८८ चा राज्याचा कायदा देशात पहिला आला, त्याचा अभिमान आहेच. पण पुढे सरकारी भिंतींवर 'भ्रूणहत्या महापाप' रंगलं आणि आपल्याही घोषणांत ते शिरलं. हत्या म्हटलं की करणारी खुनी ठरते. लिंग निवडण्याला विरोध आणि गर्भपाताला विरोध यातली रेघ पुसली गेली. २०१२ नंतर गोळ्यांच्या विक्रीवर कडक नजर आली आणि अनेक औषध दुकानदारांनी त्या ठेवणंच सोडून दिलं. नको असलेलं तिसरं बाळंतपण टाळायला आलेली बाई दवाखान्याच्या पायरीवर बसून "ताई, मला पाप लागेल का हो?" विचारते, तेव्हा तो शब्द तिच्या तोंडात कोणी घातला?

ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' १९८३ मध्ये आलं तेव्हा मुलीच्या जन्मावर गाणी आणि हशा घेऊन चळवळीने गावोगाव बोलायला सुरुवात केली होती. हसण्यामुळे विषय हलका झाला नाही, उलट त्या गंभीर विषयाभोवती हजारो बाया जमल्या. गर्भपाताबद्दल मात्र आपण एकतर पत्रक वाटतो नाहीतर कुजबुजतो.

मला पथनाट्य हवं आहे, आणि त्यात हसणं हवं आहे. अटी मात्र असाव्यात. हसायचं ते सही मागणाऱ्या कारकुनावर, रांगेला ऐकू जाईल असं विचारणाऱ्यावर आणि शेजारणीच्या पोटाचा हिशोब ठेवणाऱ्या गल्लीवर. टेबलावरच्या बाईवर हसायचं नाही, ती हसली तर तिच्याबरोबर हसायचं. लिंगनिवडीचा प्रसंग त्यात घ्यावा की तो वेगळाच ठेवावा, याबद्दल माझं मन अजून ठरलेलं नाही. एका नाटकात दोन्ही आले तर प्रेक्षकांच्या मनात ती पुसलेली रेघ पुसलेलीच राहील अशी मला भीती वाटते. आणि टेक्सासच्या विदूषकाला जी बाई दिसली नाही ती आपल्या नाटकात पहिल्या प्रवेशात हवी. ऊसतोडीवरून मधेच परतलेली, जवळचा दवाखाना तीस किलोमीटरवर असलेली, एसटीच्या तिकिटाचे पैसे मोजणारी.

विदूषकाचा वेश आपल्या गावात चालेल असं मला वाटत नाही. सर्कस सोडली तर लाल नाकाशी कोणाचं नातं नाही. सोंगाड्या चालेल का? की वासुदेव? की पोतराज? बाईने पोतराज व्हावं आणि आसूड ओढत विचारावं, पाप कोणाचं? एका मैत्रिणीने मघाशी कानात सुचवलं की कुडमुडी जोशीण करा, हात बघते आणि सगळ्यांची गुपितं सांगते. मला ते सगळ्यात आवडलं. चहा आला आहे. चहानंतर पाच-पाच जणींचे गट करू आणि प्रत्येक गटाने पहिला प्रवेश उभा करून दाखवायचा, लिहून नव्हे, उभं राहून. कालच्या ताईंना मी विनंती करते की त्यांनी एका गटात कारकुनाचं काम करावं. तीस वर्षं त्यांनी त्या खिडकीच्या अलीकडे उभं राहून त्याला पाहिलं आहे.